अजिंठ्याच्या हेरिंगहॅमबाई

स्मरणिकेसाठी कोणा थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे मंडळाने सुचविले, तेव्हा मी सातासमुद्रापलीकडच्या एका बाईंना निवडले. कारण त्यांनी केलेले मोठे काम आपल्याच जिल्ह्यातले आहे.

क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांचा जन्म १८५२ साली इंग्लंडात सधन घराण्यात झाला. यजमान डॉक्टर होते. दोन मुलगे झाले, त्यातला थोरला लहानपणीच गेला. अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्रे काढण्याची जुनी इटालियन रीत त्या काळी मागे पडली होती. बाईंनी त्याविषयीचा चेन्निनीचा ग्रंथ १८९९ साली इंग्रजीत आणला व त्याबरहुकूम स्वतः चित्रे काढून पाहिली. बायकांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला पूर्वी दोनदा झाल्या होत्या. मेजर गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनला आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ पर्यंत नकला करविल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. इकडे भिंतीवरचे रंग झडत चालले होते. तेव्हा १९०९ च्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, बाईंनी पदरचे पैसे घालून फर्दापूरला तळ ठोकला. पुढच्या हिवाळ्यातही त्या आल्या.

त्या तळावरची मंडळी पाहावी. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरकडचे वेंकटप्पा, हैदराबादचे सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन, शिवाय डोरोथी लार्चर ही इंग्लिश मुलगी. भाषा, धर्म, जेवणखाण सारेच निराळे. अंधारी लेणी, वर वटवाघळे. पण भिंत सर्वांची एकच गुरू. त्या काळी आपल्या कलाशाळांत ग्रीक पुतळ्यांचे साचे समोर ठेवून हात वळवीत असत. इथे इंग्लंडच्या बाई आपल्याच मुलांबरोबर आपल्याच देशाची रेषा शिकत होत्या.

तिथून प्रत्येकाने काय नेले, हे मला फार मोलाचे वाटते. नंदलालबाबूंनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात पिढ्या घडविल्या आणि आपल्या राज्यघटनेची मूळ प्रत सजविली. हलदार लखनौच्या, तर गुप्त लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख झाले. सय्यद अहमद यांनी पुढे अजिंठ्याचीच देखरेख केली. लार्चरबाई विलायतेत ठशांनी कापड छापून नावारूपाला आल्या. शिकले एकत्र, पण कोणी कोणासारखे झाले नाही.

बाईंच्या नशिबी मात्र सुख नव्हते. १९११ नंतर त्यांचे मन बिघडले. त्यांच्या नकलांचा ग्रंथ १९१५ साली लंडनला निघाला, तेव्हा त्या आजारीच होत्या. तशातच १९२९ साली त्यांचा अंत झाला.

भगिनींनो, पैठणीच्या पदरावरचे अजिंठ्याचे कमळ आपण हौसेने मिरवतो. पण मुलीने चित्रकला शिकते म्हटले, की त्याने पोट भरेल का, असे विचारतो. मी स्वतः सातवीपर्यंतच शिकले. तरी मला वाटते, मुलीचा हात वळत असेल तर तिला शिकू द्यावे. तिच्याशेजारी कोणत्या जातीची, कोणत्या भाषेची मुलगी बसते याची चौकशी करू नये. ती मुलगीही तिला काही शिकवीलच.