मित्सुओ फुचिदा: पर्ल हार्बरचा सेनानी, ख्रिस्ताचा साक्षी

पर्ल हार्बर हे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ता. ७ डिसेंबर १९४१ रोजी, रविवारी सकाळी, जपानी विमानांनी अमेरिकेच्या ह्या आरमारी तळावर अकस्मात हल्ला केला, आणि चीनमध्ये व युरोपात चाललेले युद्ध सर्व जगाचे युद्ध होऊन बसले. त्या विमानांचा जो पुढारी होता तोच पुढे प्रभू येशूचा साक्षी होऊन देशोदेशी फिरला, ही गोष्ट मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून त्याचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

मित्सुओ फुचिदा ह्यांचा जन्म ता. ३ डिसेंबर १९०२ रोजी जपानातील नारा प्रांती झाला. १९२१ साली ते एताजिमा येथील आरमारी विद्यालयात दाखल झाले, व १९२४ साली तेथील अभ्यास पुरा करून बाहेर पडले. पुढे ते कुशल वैमानिक म्हणून नावाजले. बादशहा हा देवासमान आणि त्याच्यासाठी मरणे हेच जन्माचे सार्थक, अशी शिकवण त्या काळी जपानी शिपायांस मिळत असे. फुचिदा त्याच शिकवणीत वाढले, व त्यांनी ती मनापासून मानली.

१९३७ सालापासून जपानचे चीनशी युद्ध चालू होते. १९४१ साली जपानने इंडोचायनाच्या दक्षिण भागातही सैन्य घातले, तेव्हा अमेरिकेने त्या देशास तेल देण्याचे बंद केले. तेलावाचून जहाजे व विमाने चालावयाची कशी? डच लोकांच्या ताब्यातील बेटांतले तेल बळाने घ्यावे असे जपानी सत्ताधाऱ्यांनी ठरवले. परंतु हवाई बेटांत असलेले अमेरिकेचे आरमार वाटेत आडवे येईल ही भीती होती. ते आरमार एका तडाख्यात निकामी करावे, हा बेत आरमाराचे मुख्य ॲडमिरल यामामोतो ह्यांचा होता. आणि विमानांचे नेतृत्व फुचिदा ह्यांच्याकडे आले. तो धक्का उथळ पाण्याचा असल्यामुळे टॉर्पेडो चिखलात रुतून बसत. म्हणून त्यांस लाकडी पंख जोडून जपानी वैमानिकांनी पुष्कळ सराव केला.

ता. २६ नोव्हेंबर रोजी सहा विमानवाहू जहाजे उत्तरेकडील थंड समुद्रातून गुपचूप निघाली. हल्ल्याच्या दिवशी पहाटे पहिल्या तुकडीची १८३ विमाने फुचिदा ह्यांच्या मागे उडाली. सकाळी आठ वाजण्याच्या सुमारास त्यांस खाली निर्धास्त बंदर दिसले. शत्रू बेसावध सापडला आहे, असे कळवणारा सांकेतिक शब्द त्यांनी बिनतारी यंत्राने धाडला. त्या शब्दाचा अर्थ जपानी भाषेत वाघ असा होतो. पुढे दोन तासांत २,४०३ अमेरिकन माणसे मेली; त्यांपैकी १,१७७ जण ॲरिझोना ह्या एकाच जहाजावरील होते. युद्ध पुकारल्याचा निरोप अमेरिकेस अगोदर मिळाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी अमेरिका युद्धात उतरली, आणि ता. ११ रोजी जर्मनी व इटली ह्यांनीही तिच्याशी युद्ध पुकारले.

फुचिदा ह्यांचा जपानात मोठा गौरव झाला. १९४२च्या एप्रिलात कोलंबो व त्रिंकोमाली ह्यांवर जे हल्ले झाले त्यांचेही पुढारी तेच होते. म्हणजे ते युद्ध आपल्या देशाच्या दाराशी घेऊन येणाऱ्यांत त्यांचा हात होता. पण त्याच वर्षी जून महिन्यात मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. फुचिदा ह्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यामुळे त्यांस उडता आले नाही, आणि जळत्या जहाजावरून निसटताना त्यांचे पाय मोडले. १९४५च्या ऑगस्टात जपान शरण गेला. बादशहाने आपले देवत्व नाकारले. आरमार राहिले नाही. बेचाळीस वर्षांचे फुचिदा नारा प्रांतातील आपल्या शेतावर परतले. ज्यासाठी जगलो तेच व्यर्थ ठरले, ह्या विचाराने त्यांचे मन कडू झाले होते.

ह्यानंतर जेत्यांनी जपानी सेनापतींवर खटले चालवले. कैद्यांस क्रूरतेने वागवणे हे सगळ्यांचेच पाप आहे. अमेरिकनांनीही तेच केले असेल, आणि ते आपण उघडकीस आणू, असे फुचिदा ह्यांस वाटे. म्हणून अमेरिकेतून सुटून आलेल्या जपानी कैद्यांकडे ते चौकशी करू लागले. त्यांत त्यांचा एक जुना सोबती भेटला. त्याने सांगितलेली हकीकत अगदी निराळी होती. तेथील इस्पितळात पेगी कॉव्हेल नावाची एक तरुण बाई जपानी कैद्यांची मायेने सेवा करी. तिचे आईबाप मिशनरी असून पूर्वी जपानातच शिकवीत असत. पुढे ते फिलिपाईन्समध्ये गेले, व तेथे १९४३च्या डिसेंबरात जपानी शिपायांनी त्यांचा वध केला. हे ऐकून पेगीच्या मनात प्रथम द्वेष उसळला. परंतु मरणापूर्वी आपल्या आईबापांनी प्रार्थना केली, ती काय असेल ह्याचा तिने विचार केला, आणि ज्या लोकांनी त्यांस मारले त्यांच्याच लोकांची सेवा तिने पत्करली.

फुचिदा पुरावा शोधावयास गेले होते अमेरिकनांच्या क्रूरतेचा, आणि सापडले हे! आईबापांच्या खुनाचा सूड घेणे त्यांस सद्गुण वाटे. अशी क्षमा कोठून येते, हे त्यांस उमगेना.

पुढे १९४८ सालच्या सुमारास टोकियोतील शिबुया स्टेशनाबाहेर कोणी एकाने त्यांच्या हाती एक लहानशी पत्रिका दिली. ती जेकब डीशेझर ह्या अमेरिकन शिपायाची साक्ष होती. पर्ल हार्बरची बातमी ऐकून हा मनुष्य सूडाने पेटला होता. १९४२च्या एप्रिलात त्याने जपानवर बाँब टाकले, आणि तो पकडला गेला. चाळीस महिने तो कैदेत होता व त्यांतील बराच काळ एकांतात. त्याच्या सोबत्यांपैकी तिघांस गोळ्या घातल्या गेल्या व एक हालअपेष्टांनी मेला. १९४४ साली त्यास तीन आठवड्यांपुरते पवित्र शास्त्र वाचावयास मिळाले. तेवढ्यात त्याचे अंतःकरण पालटले. ज्या पहारेकऱ्याने त्याच्या उघड्या पायावर दार आपटले होते, त्यास तो दररोज सकाळी आदराने नमस्कार करू लागला. काही दिवसांनी त्याच पहारेकऱ्याने त्यास एक उकडलेले रताळे आणून दिले. सुटका झाल्यावर डीशेझर मिशनरी होऊन जपानातच परत आला.

फुचिदा ह्यांनी पवित्र शास्त्र विकत घेतले. लूककृत शुभवर्तमानात, वधस्तंभावर खिळलेला प्रभू आपणास मारणाऱ्यांसाठी पित्याजवळ क्षमा मागतो, त्या ठिकाणी ते येऊन थांबले. पेगीच्या आईबापांची प्रार्थना काय असेल, हे त्यांस तेथे कळले. आणि प्रभूने ज्यांसाठी क्षमा मागितली त्यांत आपणही आहो, हेही कळले. हे १९४९ साली घडले. १९५०च्या मे महिन्यात ते डीशेझरला भेटले. पूर्वी एकमेकांच्या देशावर बाँब टाकणारे हे दोघे एका व्यासपीठावर उभे राहून एकाच तारणाऱ्याची साक्ष देऊ लागले. ता. ३० मे १९७६ रोजी मरण येईतोपर्यंत, सुमारे पाव शतक, फुचिदा ह्यांनी जपानात, अमेरिकेत व इतर देशांत सुवार्ता सांगितली. त्यांचे काही जुने सोबती त्यांच्यावर रुष्ट झाले. त्यांनी तेही सोसले.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे. युद्धातील प्रसंगांविषयी फुचिदा ह्यांनी जे मागाहून सांगितले त्यातील काही गोष्टी इतर कागदपत्रांशी जुळत नाहीत, असे इतिहासकारांनी दाखवले आहे. ती टीका आम्ही लपवू इच्छीत नाही. ख्रिस्ती झाल्याने मनुष्याची प्रत्येक आठवण बिनचूक होत नाही, व त्याच्या हातून मेलेली माणसे परत येत नाहीत. तारण पावलेला मनुष्य अखेरपर्यंत क्षमेचा गरजू राहतो.

परंतु ह्या चरित्रात आम्हांस जे सर्वांत मोठे दिसते ते फुचिदा ह्यांनी केलेले नाहीच. ते दुसऱ्यांनी केले. ज्यांचे नुकसान झाले होते, ज्यांस द्वेष करण्याचा हक्क आहे असे जग म्हणाले असते, त्यांनी तो हक्क सोडला. आपली सेवा समुद्रापलीकडच्या त्या सेनानीपर्यंत पोहोचेल, हे इस्पितळात कैद्यांच्या उशाशी उभ्या असलेल्या पेगीस कोठे ठाऊक होते? आणि स्टेशनाबाहेर पत्रिका वाटणाऱ्यास तरी आपण ती कोणाच्या हाती देत आहो हे माहीत होते काय?

प्रिय वाचकहो, आमच्या मंडळ्यांत राज्याराज्यांची युद्धे होत नाहीत. पण बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, लग्नातल्या मानपानावरून भावाभावांत वर्षानुवर्षे अबोला चालतो. दोघेही एकाच मंदिरात बसतात व प्रभुभोजन घेतात, पण बाहेर पडताना एकमेकांकडे पाहत नाहीत. चूक त्याची आहे, तेव्हा पहिले पाऊल त्यानेच टाकावे, असे जो तो म्हणतो. पेगी तसे म्हणती, तर तिचे कोणी नाव ठेवले नसते. पण फुचिदा ह्यांच्या कानी ती हकीकत कधी पडली नसती. येत्या प्रभुभोजनापूर्वी ज्याचे नुकसान झाले आहे त्यानेच उठून भावाच्या दाराशी जावे, एवढीच आमची विनंती आहे. त्याचे फळ कोठे येईल ते प्रभू जाणे.