कर्नल हेमू अधिकारी

क्रिकेट हा माझा प्रांत नव्हे; मी सुरांचा माणूस. पण बडोद्यात वाढलेल्याच्या कानांवर हजारे आणि अधिकारी ही नावे पडल्यावाचून राहत नाहीत. हजाऱ्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहावयाचे आहे ते कै. हेमू अधिकारी यांच्याविषयी.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यास झाला. रणजी करंडकासाठी ते बडोद्याकडून खेळले आणि १९४७ साली ब्रिस्बेन येथे कसोटीत उतरले. पुढच्याच वर्षी दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा काढल्या. २१ कसोट्यांतील हे त्यांचे एकमेव शतक. लष्करी नोकरीपायी कित्येक सामने हुकले.

त्यांचा खरा पिंड दिसतो तो १९५२ च्या दिल्ली कसोटीत. पाकिस्तानविरुद्ध नऊ गडी बाद झालेले, अन् शेवटच्या गुलाम अहमदांना हाताशी धरून त्यांनी १०९ धावांची भर घातली. स्वतः ८१ वर नाबाद राहिले. माझे वडील दरबारात तबल्याच्या साथीला बसत, त्यामुळे समोरच्याला सांभाळून घेण्यात काय कस लागतो हे मी घरातच पाहिले आहे.

१९५९ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत अशी काही उलथापालथ झाली की, पाचव्या सामन्यास चौथा कप्तान म्हणून एकोणचाळीस वर्षांच्या अधिकाऱ्यांस बोलावणे गेले. निवडीच्या त्या कारभाराविषयी न बोललेलेच बरे! त्यांनी ६३ व ४० धावा केल्या, तीन बळी घेतले आणि सामना अनिर्णित राखला. पुढे ते कसोटी खेळले नाहीत.

१९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ते इंग्लंडला गेले. वेगळा प्रशिक्षक नेमण्याची चाल तेव्हा नव्हती. तालीमही त्यांनीच घ्यावयाची. ते स्वतः नामांकित क्षेत्ररक्षक, त्यातून लष्करी शिस्तीचे. ओव्हलवर चंद्रशेखरांनी ३८ धावांत ६ बळी घेतले, सोलकरांनी सूर मारून नॉटचा झेल टिपला आणि २४ ऑगस्ट रोजी भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी जिंकली. चंद्रशेखर सर्वांस आठवतात. झेलांमागची मेहनत कोण आठवतो?

१९७४ मध्येही व्यवस्थापक तेच होते. लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत गारद झाला, तिन्ही कसोट्या गेल्या. ही बाजू झाकून त्यांचे चरित्र सांगता येत नाही. तरीही तरुणांची शिबिरे त्यांनी सोडली नाहीत.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. दिल्लीतील त्या १०९ धावा ही भारताची अखेरच्या गड्याची सर्वोच्च भागीदारी होती. ती पुढच्या वर्षी ढाक्यास तेंडुलकर आणि झहीर खान यांनी ओलांडली.