खडकवासल्याचे दरवाजे आणि नीरेचे पाणी

बारवी धरण भरले, स्वयंचलित दरवाजे उघडले, ही बातमी बेलवली-बदलापूरकर पावसाळ्यात वाचतात आणि नदीकाठचे सावध होतात. पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडमीट करणारे दरवाजे पुण्याजवळ खडकवासल्याला १९०३ च्या सुमारास बसले, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फूट वाढली. पेटंट त्यांच्या नावावर होते. सरकारी नोकर म्हणून मानधन मात्र त्यांनी घेतले नाही.

दरवाज्यांची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. अडवलेले पाणी वाटायचे कसे, याचा त्यांनी केलेला विचार मागे पडला.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा, लहानपणीच वडील गमावलेला हा मुलगा शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आला. १८८३ च्या परीक्षेत पहिला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू. खानदेशात दातर्तीजवळ पांझरेच्या पात्रातून पाटाचे पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन, हे त्यांचे सुरुवातीचे काम. पुराचा गाळ सारखा आड येत होता, तरी ते पुरे केले. याच पांझरेकाठी गावकरी पिढ्यान्‌पिढ्या फड पद्धतीने, पाळीने पाणी घेत आले आहेत.

नीरा कालव्यावर उलटे चालले होते. पाऊस बरा झाला की बरेच शेतकरी कालव्याचे पाणी नाकारत. दुष्काळात सगळेच मागत. बारमाही पाणी उसाला, तेही गरजेपेक्षा जास्त. सखल जमिनी पाणथळ होऊन क्षार वर येई. साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि डासांमागून हिवताप येतो. म्हणून विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत मांडली: गावोगाव ठरावीक गटांनाच पाणी, गटाच्या काही भागात ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके, तीही आलटून-पालटून. त्यामुळे तेच पाणी जास्त गावांना पुरणार होते. बागाईतदारांनी ओरड केली. विश्वेश्वरय्यांनी त्यांना भेटून योजना समजावली आणि ती लागू झाली. माझ्या मते खडकवासल्यापेक्षा हे काम अवघड होते. लोखंड ऐकते, उसाचा भाव ऐकत नाही.

पुढे मुंबई इलाख्याची नोकरी सोडून ते म्हैसूरला मुख्य अभियंता आणि दिवाण झाले. कृष्णराजसागर उभे राहिले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले, १९६२ मध्ये बंगळुरूत निधन झाले. नीरेकाठी ऊस वाढतच गेला होता, आणि चोपण झालेल्या शेतांतून पाणी काढण्यासाठी कधीच चर खणावे लागले होते.