पाखरांवरून पाऊस ओळखणारे डॉ. सलीम अली

दिल्ली दरवाज्याबाहेर, हिमायत बागेजवळ पाण्याचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. मोगल काळापासून तो खिजरी तलाव म्हणून ओळखला जाई. आज त्याचे नाव सलीम अली सरोवर. रमजानमध्ये इफ्तारची वेळ गाठण्याच्या घाईत शेकडो दुचाक्या या रस्त्याने जातात. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हे सलीम अली कोण, असे विचारले तर कोणी एखाद्या नवाबाचे नाव समजेल, कोणी एखाद्या बुजुर्गांचे. ते नवाबही नव्हते आणि पीरही नव्हते. मुंबईच्या खेतवाडीत मामाच्या घरी वाढलेला हा पोरका मुलगा. त्याने पाऊणशे वर्षे पाखरांचा माग काढला आणि जमीन, पाऊस व जीव यांचे नाते कसे वाचायचे, हे देशाला शिकवले.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते शेंडेफळ. वर्षाचे होते तेव्हा वडील मोइजुद्दीन गेले, तीन वर्षांचे असताना आई जीनतुन्निसा. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूल नव्हते. या पोरक्या भावंडांना त्यांनी आपल्या घरात घेतले.

मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली. मुलगा चिमण्या टिपायचा, त्या रीतसर हलाल करून स्वयंपाकघरात जायच्या. एकदा हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाणे मुसलमानाला चालेल का, असा प्रश्न त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला पडला. मामांनाही उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, पीतकंठी चिमणी म्हणून, आणि मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेली कपाटे उघडून दाखवली. हलाल-हरामच्या एका प्रामाणिक शंकेने त्या मुलाचे आयुष्य बदलले.

शाळा-कॉलेजात मात्र त्यांचे मन रमले नाही. मॅट्रिक जेमतेम झाले. सेंट झेवियर्स कॉलेज अर्ध्यावर सोडून ते १९१४ मध्ये भावाच्या मदतीला ब्रह्मदेशातील तवॉय इथे गेले. घरच्यांच्या तिथे वुल्फ्रामच्या खाणी होत्या. धंदा काही बसला नाही, पण तिथल्या धो धो पावसाच्या घनदाट जंगलांनी त्यांना वेगळेच शिक्षण दिले. मुंबईच्या आसपास कधीच न दिसणारी पाखरे तिथे होती. तीच उष्ण हवा, तोच मोसमी वारा. मग पाखरे वेगळी का, हा प्रश्न तिथून त्यांच्या सोबत आला.

१९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला. फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने ते प्राणिशास्त्र शिकले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये महिना ३५० रुपयांवर माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून लागले. मग रजा घेऊन बर्लिनला गेले. तिथे प्राध्यापक स्ट्रेझमान यांनी त्यांना पक्षिशास्त्राची खरी दीक्षा दिली. १९३० मध्ये परतले, तर संग्रहालयाकडे पैसे नसल्याने नोकरीच रद्द झालेली.

मुंबईत भाडे भरणे जड झाले तेव्हा पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावात राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रोजगार नसलेला हा माणूस शिडीवर बसून दिवस दिवस घरटी न्याहाळू लागला. नर अर्धे घरटे विणतो. मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर मुक्काम करते. मग नर घरटे पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. हे सारे पावसाळ्यातच का? कारण विणायला लागणारी लांब, ओली, लवचीक पाती पावसानंतरच मिळतात आणि पिल्लांना भरवायला किडेही तेव्हाच मुबलक असतात. सुगरणीचा संसार ढगांवर अवलंबून आहे. बेकारीच्या त्या महिन्यांतील या निरीक्षणांनी त्यांचे नाव जगभर पोहोचवले.

त्याच सुमारास त्यांनी देशी संस्थानांसमोर एक प्रस्ताव मांडला. पगार नको, फक्त प्रवासाचा खर्च द्या. तुमच्या मुलखात कोणती पाखरे कुठे राहतात याची पाहणी करून देतो. हैदराबादच्या निजाम सरकारने मान्यता दिली. १९३१-३२ मध्ये ती पाहणी झाली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तहमिना बेगम सोबत असत. जंगलात मुक्काम, पहाटेपासून भटकंती, रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे. नुसती पाखरांची यादी करण्यात त्यांना रस नव्हता. पक्षी कोणत्या झाडावर, कोणत्या जमिनीत, कोणत्या ऋतूत राहतो आणि काय खातो, हे ते लिहीत.

दख्खनच्या या पठाराची गोष्ट मुळात पावसाची गोष्ट आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले ओझे तिथेच रिकामे करतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला येईपर्यंत ढगांत फारसे पाणी उरत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास येते, तेही चार महिन्यांत, मध्ये मोठे खंड पाडत. एवढ्या पाण्यावर बारमाही हिरवे जंगल उभे राहत नाही. गौताळ्याच्या डोंगरात दिसतो तसा साग, पळस, धावडा वाढतो. ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतात. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून झाड तो खर्चच थांबवते आणि मृगाची वाट पाहते. झाडाचा हा रोजाच म्हणायचा. जिथे माती आणखी उथळ, तिथे झाडेही मागे हटतात. उरते ते गवत, बोर, बाभूळ आणि हिवर.

जशी वनस्पती तसे किडे आणि जसे किडे तशी पाखरे. माळावरचे चंडोल, धाविक, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात आणि त्यांचा रंग मातीत मिसळून जातो, कारण लपायला झाड नाही. निजामाच्या मुलखानंतर १९३३ मध्ये सलीम अली त्रावणकोर-कोचीनला गेले. तिथे चित्र उलटे. वर्षभर कुठले ना कुठले फळ पिकलेले, जुन्या झाडांत मोठमोठ्या ढोली. म्हणून तिथे फळांवर जगणारा आणि ढोलीत घर करणारा महाधनेश. हा पक्षी आपल्या माळावर आणून सोडला तर काही दिवसांत उपाशी मरेल आणि माळावरचे धाविक त्या ओल्या काळोखात वाट चुकेल. यातली कोणतीही जमीन श्रेष्ठ वा कनिष्ठ नाही, फक्त पाऊस वेगळा आहे.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना बेगम वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अली पाली हिलला बहीण कम्मू आणि मेहुणे हसन यांच्या घरी राहू लागले. दुःख त्यांनी कामात जिरवले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आले आणि सामान्य माणसाच्या हाती पाखरे ओळखण्याची किल्ली आली. १९४५ मध्ये ते कच्छच्या रणात रोहित पक्ष्यांची वीण पाहायला गेले. एरवी मीठ आणि धूळ असलेल्या त्या रणात चांगला पाऊस झाला की उथळ खारे पाणी साचते. त्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि लाखो रोहित चिखलाचे उंचवटे रचून त्यावर अंडी घालतात. पाऊस नाही झाला, तर तिथे वीणच होत नाही. कुरआनात पावसाने जिवंत होणाऱ्या मेलेल्या जमिनीचा उल्लेख वारंवार येतो. सलीम अली यांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि मोजले.

ब्रह्मदेशातून आणलेला जुना प्रश्न १९४९ मध्ये पुन्हा वर आला. महाधनेश सह्याद्रीत आहे आणि दूर पूर्व हिमालयातही आहे. मधल्या शेकडो कोसांच्या कोरड्या प्रदेशात मात्र नाही. मग तो इकडे आला कसा? मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी माशांवरून मांडले होते की, एके काळी हवामान अधिक ओले असताना सातपुड्याच्या रांगेतून पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत दमट जंगलांचा सलग पूल असावा. सलीम अली यांनी पाखरांच्या बाजूने त्याला दुजोरा दिला. हवा कोरडी होत गेली, पूल तुटला आणि दोन टोकांना एकाच घराण्याची पाखरे उरली. पुढच्या संशोधकांनी या मांडणीवर आक्षेपही घेतले. पण हवामान बदलले की जिवांचे नकाशे बदलतात, ही गोष्ट त्यांनी आपल्याकडे फार लवकर सांगितली.

डिलन रिप्ले या अमेरिकन मित्रासोबत त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण केला. देशाची फाळणी झाली होती, तरी ग्रंथाच्या नावात दोन्ही देश एकत्र होते. पाखरांना सरहद्द ठाऊक नसते. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी गेटी पुरस्काराचे पन्नास हजार डॉलर आले, त्यातला मोठा वाटा त्यांनी सोसायटीला देऊन टाकला. नमाज-रोज्याच्या बाबतीत ते काटेकोर नव्हते आणि आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेही नाही. दिखाऊ धार्मिकतेचा त्यांना तिटकारा होता. तरीही पशुपाखरांना माणसांसारख्याच जमाती मानणारी जी शिकवण रमजानमध्ये घराघरात तिलावत होते, तिच्यातील हा धडा त्यांच्याइतका मनापासून फार थोड्यांनी गिरवला असेल.

उतारवयात केरळच्या सायलेंट व्हॅलीतील पर्जन्यवन धरणात बुडू नये म्हणून त्यांनी आपले वजन खर्च केले. ते जंगल वाचले. भरतपूरला मात्र त्यांचा अंदाज चुकला. तिथल्या पक्षी अभयारण्यात म्हशी चरतात, त्या बंद व्हाव्यात, असे त्यांचे आणि अनेक निसर्गप्रेमींचे मत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून निघाले की, म्हशी गवत खात होत्या म्हणून पाणी मोकळे राहत होते. चराई थांबली, गवत माजले आणि बदकांना जागा उरली नाही. अखेरचा निष्कर्ष हाती आला तेव्हा ते हयात नव्हते. पाऊस आणि माती जमीन घडवतात हे खरे, पण तिथली गुरे आणि माणसेही त्या घडणीचा भाग झालेली असतात. हा धडा फार महाग पडला.

मराठवाड्याने आठवावी अशी त्यांची आणखी एक इच्छा होती. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे त्यांना वाटे. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला, आणि ते स्वाभाविकही होते. पण माळढोक निवडला असता तर देशाला माळाकडे बघावे लागले असते. मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालतो. त्याला दूरवर दिसेल अशी मोकळी जमीन लागते. आपण तिला पडीक म्हणतो. तिथे खड्डे खणून दाट झाडे लावतो, तारा ओढतो, खडी फोडतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले. आज साऱ्या देशात दोनशे माळढोकही उरलेले नाहीत. महाराष्ट्राच्या कोरड्या भागातील माळ जंगलतोडीने झालेले नाहीत, किमान साडेसातशे वर्षांपासून ते असेच आहेत, हे जुन्या मराठी ग्रंथांतील झाडाझुडपांच्या उल्लेखांवरून संशोधकांनी अलीकडे दाखवले आहे. कमी पावसाने घडवलेले ते भरलेले घर आहे.

जून १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत, सलीम अली मुंबईत गेले. त्या वर्षी मोसमी पावसाने दगा दिला आणि देशभर दुष्काळ पडला. त्याच्या आदल्याच वर्षी पैठणच्या नाथसागराला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला होता.

चंद्रावर चालणारा रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू पाहून येतो. पाखरांचे पंचांग मात्र सूर्याला आणि पावसाला बांधलेले आहे. यंदा रोजे हिवाळा सरताना आले. सहरीनंतर उजाडते तेव्हा नाथसागरावरची पाहुणी पाखरे उत्तरेच्या वाटेची तयारी करत असतात. पुढच्या हिवाळ्यात ती परततील, पण पाणी असेल तर आणि भोवतीचा माळ जागेवर असेल तर.