चौघे भाऊ, एक संघ आणि हुकलेले कर्णधारपद : कोण होते बाळू पालवणकर?

भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्सवर खेळला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच्या २१ वर्षे आधी सर्व भारतातून निवडलेला एक संघ इंग्लंडला जाऊन आला होता, आणि त्या दौऱ्यात सगळ्यात जास्त बळी घेणारा गोलंदाज पुण्याच्या मैदानावर रूळ फिरवून मोठा झाला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्याचे नाव बाळू पालवणकर. त्या काळच्या धावफलकावर ते पी. बाळू असे लागत असे.

बाळू चर्मकार समाजातले. त्यांच्यामागोमाग शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तीन धाकटे भाऊही मोठ्या क्रिकेटमध्ये आले. एकाच घरातले चौघे हिंदू संघाकडून खेळले. मैदानात त्यांच्याशिवाय संघाचे पान हलत नव्हते. पंगतीचा आणि कर्णधारपदाचा विषय निघाला की मात्र जात आडवी येत होती.

मैदानाशी नाते कसे जुळले?

पालवणकर घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरीकडचे. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्करी नोकरीत होते, त्यामुळे कुटुंब पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट आणि चेंडूंवर बाळू आणि शिवराम खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट मैदानावरची. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा आणि सभासदांना सराव हवा असला की चेंडू टाकायचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात गेले. तिथे जाळी लावण्याचे आणि खेळपट्टी आखण्याचे कामही अंगावर आले, पण पगार १२ रुपये झाला. घरात खाणारी तोंडे बरीच होती. त्या हिशेबाने ही बढती लहान नव्हती.

या क्लबातल्या एका इंग्रज सभासदाने बाळूंना नेटमध्ये गोलंदाजी करायला लावले आणि बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून घडू लागले. जे. जी. ग्रेग हा लष्करी अधिकारी तेव्हाचा नावाजलेला फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की प्रत्येक वेळी आठ आणे द्यायचे, असे त्याने ठरवले होते म्हणतात. ही आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा रंगवलेली, ग्रेग बाळूंसमोर तासन् तास सराव करत असे हे खरे. बाळूंच्या हातात बॅट मात्र त्या क्लबात कोणी कधी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकरांची, असाच तेव्हाचा रिवाज होता.

बाहेरचा चहा, आतला खेळ

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते आणि ग्रेगला रोज सतावणारा गोलंदाज शेजारच्याच मैदानावर होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर क्लबात मतभेद झाले. काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता, तेलुगू सभासद बाळूंच्या बाजूने होते. अखेर जिंकण्याची इच्छा वरचढ ठरली.

बाळूंना घेतले, पण अटींसह. मैदानात ते सगळ्यांच्या बरोबरीचे. त्यांनी हाताळलेला चेंडू बाकीचे बिनदिक्कत झेलत होते. चहाच्या वेळी मात्र बाकीचे मंडपात चिनी मातीच्या कपात चहा घेत आणि बाळूंना मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. हातपाय धुवायचे तर दलित समाजातल्याच एखाद्या नोकराने कोपऱ्यात पाणी ओतायचे. जेवणाचे ताट वेगळे, जागाही वेगळी.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना पुढे बराच गाजला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर दिवसच्या दिवस रूळ फिरवून ती टणक केली होती. तरीही बाळूंनी सात गडी टिपले आणि पुण्याचा संघ जिंकला. मग सत्कार झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे विचारले की, ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर जेवायला अडचण कसली? त्यानंतर पुण्याच्या संघात पंक्तिभेद हळूहळू सैल पडू लागला. या बदलामागे समाजसुधारकांच्या व्याख्यानांइतकाच, कदाचित थोडा जास्तच, बाळूंनी घेतलेल्या बळींचा हात होता.

मुंबई आणि १९०६ चा सामना

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली. त्या काळात बाळू मुंबईला गेले. तिथले क्रिकेट पुण्याहून मोठे होते आणि जातीधर्मांच्या जिमखान्यांत वाटलेले होते. पारशांचा जिमखाना वेगळा, हिंदूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, युरोपियनांचा तर सगळ्यांत वरचा. क्लब म्हणजे नुसती खेळायची जागा नव्हती, तो त्या समाजाचा चेहरा असे. हिंदू जिमखान्यातही बाळूंच्या प्रवेशाला आधी विरोध झाला, नंतर दार उघडले. पुढे शिवरामही संघात आले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन संघांची गाठ पडली. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. वंगभंगाचे आणि स्वदेशीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद वर्तमानपत्रांतून ओसंडत होता. सुधारकांच्या पत्रांनी आणखी एक गोष्ट टिपली : जिंकलेल्या हिंदू संघात दोघे भाऊ अस्पृश्य मानलेल्या जातीचे होते. १९०७ मध्ये पारशी संघाला घेऊन तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुस्लीम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. हीच स्पर्धा पुढे पंचरंगी होऊन १९४६ पर्यंत चालली.

इंग्लंडमध्ये काय घडले?

१९११ चा संघ पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली गेला. त्यात पारशी, हिंदू, मुस्लीम, शीख असे सगळे होते, आणि बाळू व शिवरामही. महाराजांचे लक्ष पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या समारंभांत होते, ते थोडेच सामने खेळले. प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले. त्यातले १० गमावले, २ जिंकले.

अशा हरणाऱ्या संघात बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, त्यापैकी ७५ प्रथम श्रेणीत. वय तेव्हा पस्तिशीचे. दुसऱ्या बाजूने साथ देणारा गोलंदाज नाही, खांदा दुखत होता, तरी षटकांमागून षटके तेच टाकत होते. जिंकलेले दोन सामने लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी दोन डावांत मिळून ११ गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून विजय मिळाला, तो शिवराम यांच्या नाबाद शतकामुळे. म्हणजे दौऱ्यातल्या दोन्ही विजयांवर या एका घराची छाप होती.

परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असे सांगितले जाते. आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता आणि तो पुढे अनेक वर्षे टिकला.

मग कर्णधार का केले नाही?

गुणवत्ता आणि ज्येष्ठता पाहिली तर १९१० नंतर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यायला हवे होते. ते आले नाही. वर्षामागून वर्षे सवर्ण खेळाडू नेमले गेले. १९१३ मध्ये खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनीच एका सत्कारात सांगितले की हा मान खरे तर बाळूंचा होता.

यामागचे कारण त्या काळी कोणी कागदावर लिहिले नाही, लिहायची गरजही नव्हती. चेंडू टाकायला सांगणे वेगळे आणि ज्याचे सांगणे ऐकायचे त्या जागी बसवणे वेगळे. दलित खेळाडूने मेहनत करावी, बळी घ्यावेत, इथपर्यंत सगळे राजी होते. त्याने क्षेत्ररचना लावावी आणि ब्राह्मण खेळाडूंनी ती मुकाट पाळावी, इथे गाडी अडत होती.

१९२० मध्ये ही गोष्ट चव्हाट्यावर आली. चाळिशी उलटलेल्या बाळूंना संघातून वगळले. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्याला उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी शिवराम आणि विठ्ठल या अनुभवी भावांना बाजूला ठेवून दि. ब. देवधर यांना कर्णधार केले. देवधर मोठे खेळाडू होते यात शंका नाही, पण अनुभवात ते या दोघांच्या मागचे. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीरपणे मांडले. जातीमुळे डावलले जाते आणि ते आम्ही मान्य करणार नाही, असा त्याचा रोख होता. भारतीय क्रिकेटमधला हा बहिष्कार तसा विस्मरणात गेला आहे.

मुंबईत गदारोळ झाला. त्याच सुमारास गांधीजी अस्पृश्यता निवारणाचा विषय काँग्रेसच्या व्यासपीठावर आणत होते, लोकांची सहानुभूती भावांकडे झुकली. अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली. दोघे परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे राहावे. दोन दशकांच्या खेळाबद्दल मिळालेला हा मान काही तासांचा होता.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. घराण्यातले ते सर्वांत चांगले फलंदाज. अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले आणि लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून मिरवले. मोठ्या भावाला जे मिळाले नाही ते धाकट्याला मिळाले. चौथा भाऊ गणपत हे पाहायला नव्हता, तो तरुणपणीच वारला होता.

आंबेडकरांविरुद्ध का उभे राहिले?

बाळूंच्या चरित्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि तो गाळून चालत नाही. खेळ थांबल्यावर ते सार्वजनिक कामात उतरले. १९२० च्या दशकात आंबेडकर आणि ते एकमेकांच्या जवळ होते. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला तेव्हा वाटा फुटल्या. मद्रासचे एम. सी. राजा यांच्यासोबत बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला गेले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत पी. बाळूही आहेत.

१९३५ मध्ये, खानदेशातून नगर-पुण्याकडे जाताना लागणाऱ्या येवल्यात, आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. त्याच वर्षी ३१ जुलैला आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला जी गर्दी जमते, ती याच भेटीच्या आठवणीसाठी.

बाळूंना काँग्रेसने वापरून घेतले, अशी टीका झाली, आजही होते. ती अगदीच गैरलागू नाही. आंबेडकरांविरुद्ध दलितांमधलाच लोकप्रिय चेहरा पक्षाला हवा होता. पण बाळूंच्या बाजूनेही पाहायला हवे. त्यांच्या आयुष्यात दारे आतून उघडली होती, एकेक करून, फार उशिरा, तरी उघडली होती. चहाचे भांडे बदलले, पंगत बदलली, भाऊ कर्णधार झाला. हिंदू समाज बदलू शकतो हा त्यांचा विश्वास या अनुभवातून आला होता. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता, त्यांना चवदार तळ्यावर आणि काळाराम मंदिरापुढे काय झाले ते दिसले होते. शाळेत, पाणवठ्यावर, देवळात सात बळी घेऊन प्रवेश मिळत नाही. मतदारांनी आंबेडकरांना निवडले.

नंतर काय?

बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. कसोटी क्रिकेट भारतात आले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते, त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत ते नाहीत. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. या घराची हकिगत घरातल्याच माणसाने सांगितली ती त्या पुस्तकात. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पुढची कित्येक वर्षे त्यांचे नाव जुन्या क्रिकेटप्रेमींपुरते उरले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला, त्यात विठ्ठल यांच्या आत्मचरित्राचा आधार घेत पालवणकर बंधूंना मोठी जागा दिली. त्यानंतर हे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत येऊ लागले.