महाडची बातमी कोणी लिहिली?

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत विनोबा १९३२ साली राहायला आले, हे सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेबांना स्वतःची वृत्तपत्रे का काढावी लागली, हे मात्र आमच्याच मुलांना आज सांगावे लागते. वकिलीत आम्ही फिर्याद वाचतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच घटनेची बातमी वाचतो. फिर्यादीत वस्तीवर हल्ला झालेला असतो, बातमीत मात्र दोन गटांत हाणामारी होते. धर्माच्या नावाने मार कोणी दिला आणि कोणी खाल्ला, हे वाचकाला कळतच नाही.

हा रोग जुना आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून परतले. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने त्यांनी 'मूकनायक' सुरू केले. पैसे देऊ केले तरी केसरीने त्याची जाहिरात छापली नाही!

पुढे महाड घडले. १९२३ चा बोले ठराव आणि नगरपालिकेचा १९२४ चा ठराव, दोन्हींनी चवदार तळे सर्वांना खुले केले होते. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी पाणी घेणारे आमचे लोक कायद्याच्या बाजूने होते. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि जमावाने मंडपात जेवणाऱ्यांवर लाठ्या चालवल्या. बाबासाहेबांच्या बाजूला निवृत्त सैनिक कमी नव्हते. पण त्यांनी आपल्या माणसांना आवरले आणि पोलिसांत दाद मागितली. खटला चालून काही हल्लेखोरांना सक्तमजुरी झाली. इकडे सनातन्यांनी तळे शेणमुताने शुद्ध केले!

चौदाव्या दिवशी, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. मार खाणाऱ्यांची बाजू आता मार खाणारेच मांडू लागले. तळ्याचा दावा बाबासाहेबांनी १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात जिंकला. एकीकडे न्यायालय, दुसरीकडे छापखाना, असा त्यांचा दुहेरी लढा होता. १९३० साली 'जनता' आले, ४ फेब्रुवारी १९५६ पासून तेच 'प्रबुद्ध भारत' झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठी वृत्तपत्रे कित्येक दिवस गप्प होती. समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा त्यांना जाग आली, आणि तीही मोर्चेकऱ्यांना नक्षलवादी ठरवणाऱ्या मंत्र्यांची विधाने छापण्यासाठी!

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. घटना घडताच फिर्याद द्या, तिच्यात हल्ल्याचे कारण नोंदवा, आणि घडले तेवढेच लिहून आपल्या पत्राकडे पाठवा. वाढवून लिहू नका, कारण एका खोट्या ओळीने दहा खऱ्या ओळी मारल्या जातात. बाबासाहेबांनी महाडात लाठीला लाठीने उत्तर दिले नाही. त्यांनी पुरावा उभा केला आणि वृत्तपत्र काढले. तो वारसा आता आपल्या हाती आहे.

जयभीम!