मजुरीचा हिशेब स्वतः कातून मांडणारे विनोबा

शेतकरी बंधूंनो, विनोबा भावे म्हटलं की आपल्याला 1951 ची भूदान चळवळ आठवते. पण त्याआधी हाच माणूस वर्ध्याजवळ टकळी घेऊन तासन्‌तास बसत असे. का, ते आपण समजून घेतलं पाहिजे.

खामगावला कापसाचं महत्त्व सांगायला नको. 1870 साली जलंब-खामगाव रेल्वे आली तीही कापसापायीच. कापूस बाहेर गेला, गिरणीचं कापड आत आलं आणि घरची सूतकताई मागे पडली.

विनोबांचा जन्म 1895 चा, कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचा. 1916 मध्ये शिक्षण सोडून ते गांधीजींच्या आश्रमात गेले. तिथं विणकाम शिकले. 1921 मध्ये जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याला आले ते विदर्भाचेच झाले.

1932 च्या अखेरीस ते नालवाडीला राहायला गेले. कातणाऱ्या बहुतेक बायाच. त्यांना मिळणाऱ्या पैशात पोट भरतं का, हे कागदावर कसं कळणार? म्हणून विनोबा स्वतः रोज कित्येक तास कातू लागले आणि त्या मजुरीत भागवायचं ठरवलं. हात सरावाचा असूनही चालू दरात पोटापुरतं मिळेना! गांधीजी तेव्हा वर्ध्यातच होते. 1935 मध्ये चरखा संघानं कातणारीला निर्वाहापुरती मजुरी देण्याचं तत्त्व मान्य केलं. खादी महाग झाली तरी चालेल, पण बाईचं पोट मारायचं नाही, असा तो निर्णय होता.

1982 मध्ये पवनारला विनोबा गेले. प्रश्न मात्र तसाच आहे. घोंगडीचंच बघा ना. मेंढ्या कातरा, लोकर पिंजा, सूत काता, चिंचोक्याची खळ द्या, मग मागावर विणा. एवढ्या घरच्या राबणुकीचे दिवस किमतीत कोण धरतो? दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीला भाव नाही, त्यामुळे कातणीही थांबते.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, गावात बचत गटाचा कोणताही उद्योग काढताना आधी एक दिवस स्वतः ते काम करून बघा. किती तास लागले, हाती काय पडलं, ते लिहा. मगच दर ठरवा.